इंकस्केपमधून झॅमल: आठ महिने वापरल्यावर

नागपुरात कळमन्याच्या बाजारातल्या एका अडत्यासाठी बिलिंगचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर करून राहिलो, डब्ल्यूपीएफमधलं (विंडोजचे प्रोग्राम बनवायची मायक्रोसॉफ्टची चौकट). टचस्क्रीनवर फळांची मोठ्ठी बटणं पाहिजे होती, पीएनजी (ठिपक्यांची चित्रं) टाकल्या तर दुकानातल्या पीसीवर बऱ्या दिसायच्या अन् १५० टक्के स्केलिंगवाल्या लॅपटॉपवर धूसर. म्हणून दिवाळीपासून हाच रस्ता धरला, इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र काढायचं, एसव्हीजी (ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांची फाइल, मोठी केली तरी धूसर होत नाही) सेव्ह करायची, अन् एका फुकटातल्या कन्व्हर्टरमधून झॅमल (डब्ल्यूपीएफची स्क्रीन ज्या भाषेत लिहितात ती, XAML) बाहेर काढायचं (कन्व्हर्टरचं नाव घेत नाही, बिचाऱ्याने फुकट दिलंय). आतापर्यंत साठेक आयकॉन झाले.

पहिल्याच आठवड्यात आपली इज्जत गेली. संत्र्याचा रंग इंकस्केपच्या आरजीबीए (लाल-हिरवा-निळा अन् पारदर्शकता) डब्ब्यातून कॉपी केला, ffa500ff, अन् तसाच झॅमलमध्ये चिकटवला. स्क्रीनवर भडक जांभळं फळ! अडत्या शांतपणे म्हणे, "काहून रे भाऊ, आपण जांभळं कवापासून विकून रायलो?" झालं असं की इंकस्केप पारदर्शकतेचे दोन अंक शेवटी लिहितो अन् झॅमल तेच सुरुवातीला वाचतो, म्हणजे माझं सुरुवातीचं ff झालं अल्फा (पारदर्शकता) अन् उरलेलं a500ff झालं रंग. चूक माझीच, पण नागपुरात संत्र्याच्या बाबतीत अशी चूक करायची म्हणजे...

खरा वैताग मराठी अक्षरांचा. बटणावर "संत्रा", "मोसंबी" ठसठशीत फॉन्टमध्ये पाहिजे होतं आणि तो फॉन्ट दुकानातल्या पीसीवर नव्हता, म्हणून टेक्स्टचा पाथ केला (अक्षरांचे नुसते आकार), कम्बाइन केला (सगळे आकार एका पाथमध्ये जोडले), एक्सपोर्ट केला, तर शिरोरेषेला जिथे जिथे दोन अक्षरं जुळतात तिथे बारीक पांढऱ्या फटी. मला वाटलं फॉन्टच भंगार आहे, दोन दिवस फॉन्ट बदलत बसलो. मग कळलं. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा जराशा एकमेकींवर चढलेल्या असतात, एसव्हीजीत काही सांगितलं नाही तर आकारात रंग भरायचा नियम नॉनझिरो असतो म्हणून तो भाग भरलेलाच राहतो, पण झॅमलच्या पाथ डेटात (आकाराच्या रेषा सांगणारी आकड्यांची ओळ) काही सांगितलं नाही तर तो इव्हन-ऑड असतो, आणि त्यात दोनदा झाकलेली जागा रिकामी धरली जाते. माझा कन्व्हर्टर तो नियम सोबत नेतच नव्हता. उपाय काय, तर डेटाच्या सुरुवातीला F1 लिहायचं (म्हणजे नॉनझिरो नियम लाव), बास. किंवा इंकस्केपमध्येच आधी युनियन (एकमेकांवर चढलेल्या आकारांचा एकच आकार) मारून घ्यायचं. मी आता युनियनच मारतो, कारण F1 लिहायला मी विसरतो. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी असतात म्हणून हा प्रॉब्लेम त्यांना सहसा येत नाही, म्हणूनच कुठल्या ट्युटोरियलमध्ये सापडला नाही.

अजून एक, एसव्हीजीत फिल (आतला रंग) लिहिलाच नाही तर आकार काळा दिसतो, झॅमलमध्ये फिल नसला तर दिसतच नाही. द्राक्षाच्या घडाचा देठ असाच गायब झाला होता, मी अर्धा तास देठ शोधून राहिलो.

बाकी बारीकसारीक. झॅमलमधला कॅनव्हास (चित्र ठेवायची चौकट) आतल्या चित्राला स्वतःहून लहानमोठं करत नाही, त्यासाठी तो व्ह्यूबॉक्स नावाच्या दुसऱ्या चौकटीत ठेवावा लागतो. ब्लर टाकलेली सावली माझ्या कन्व्हर्टरमधून आलीच नाही, सोडून दिली, बटणं सपाटच बरी दिसतात. अन् अडत्याचा जुना लोगो इंकस्केपच्या ०.९२ च्या आधीच्या व्हर्जनमधला होता, तेव्हा हिशेब ९० डीपीआयचा (एका इंचात किती ठिपके) होता, आता ९६ चा, म्हणून उघडताना इंकस्केप विचारतो काय करायचं. ते न वाचता ओके दाबू नका.

कन्व्हर्टर घ्यावा का? घ्या, पण त्याने दिलेली फाइल जशीच्या तशी प्रोजेक्टमध्ये टाकू नका. माझ्या संत्र्यासाठी त्याने एकात एक चार कॅनव्हास दिले होते, प्रत्येकाला वेगळा ट्रान्सफॉर्म (सरकवणं, फिरवणं, ताणणं), आकड्यांना दशांशानंतर आठ-आठ अंक. मी आता त्यातून फक्त पाथचा डेटा उचलतो, दशांश दोनवर आणतो, जिऑमेट्री (रंगाशिवायचा नुसता आकार) म्हणून रिसोर्स डिक्शनरीत (पुन्हा पुन्हा वापरायच्या गोष्टींच्या साठ्यात) ठेवतो अन् रंग बटणाच्या स्टाइलमधून देतो. त्यामुळे बटण दाबलं की रंग बदलणं फुकटात मिळतं. एका आयकॉनला दहा मिनिटं लागतात, आधी तास जायचा.

सीताफळ अजून बाकी आहे. त्याच्या खवल्यांचे किती पाथ होतील याचा विचार करूनच चहा प्यायला उठलो.