रिको जीआर थ्री: रत्नागिरीच्या आळ्यांमधून पायी फिरताना

पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेल्या रिको जीआर थ्री या छोट्या कॅमेऱ्याने आता शिमगाही बघितला. या काळात तो घरी ठेवून मी क्वचितच बाहेर पडले असेन. पायी फिरत गावातलं रोजचं जगणं टिपायचं असेल तर मला याहून सोयीचा कॅमेरा मिळालेला नाही. मात्र कोकणच्या हवेत तो सांभाळावा लागतो, तेवढी तयारी ठेवूनच घ्या.

२०१९ साली आलेला हा कॅमेरा बॅटरी आणि कार्ड धरून २५७ ग्रॅमचा आहे, कुर्त्याच्या खिशात मावतो. आत सेन्सर मात्र एपीएस-सी, म्हणजे फोनच्या सेन्सरपेक्षा खूप मोठा, २४ मेगापिक्सेलचा. लेन्स एकच, न बदलणारी: फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या हिशेबाने २८ मिमीची रुंद नजर, छिद्र जास्तीत जास्त एफ २.८. झूम नाही, डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नाही, फ्लॅश नाही, स्क्रीन वळत नाही.

माझा जीव जडला तो स्नॅप फोकसवर. अंतर आधीच ठरवून ठेवायचं. मग शटर एका दमात खालपर्यंत दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, ठरलेल्या अंतरावर थेट फोटो घेतो. मी अडीच मीटर आणि एफ ८, म्हणजे लहान छिद्र, ठेवते. २८ मिमी हा नजरेच्या रुंदीचा हिशेब; लेन्सची प्रत्यक्ष फोकल लेंग्थ १८.३ मिमी असल्याने एवढ्यावर साधारण सव्वा मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. ऑटो आयएसओत (प्रकाशाप्रमाणे संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो) शटरचा किमान वेग १/२५० सेकंद ठेवला की चालती माणसंही फोटोत हललेली दिसत नाहीत. राम आळीत संध्याकाळी स्कूटर, हातगाड्या, क्लास सुटलेली पोरं यांच्या गर्दीत एखादी चौकट क्षणभर जुळते आणि लगेच मोडते. फोन उघडून कॅमेरा सुरू करेपर्यंत ती गेलेली असते. हा बटण दाबल्यापासून सुमारे ०.८ सेकंदात तयार होतो, तोही एका हाताने. दुसऱ्या हातात भाजीची पिशवी असते, त्यामुळे हे मला फार महत्त्वाचं. जपानचे छायाचित्रकार दाइदो मोरियामा रस्त्यावर जीआर मालिकेचेच कॅमेरे का वापरत आले, ते इथे उमजतं.

२८ मिमीत माणूस नीट भरायचा तर दीड मीटरपर्यंत जावं लागतं, म्हणजे बोलण्याच्या अंतरावर. लांबून कोणाचा फोटो चोरता येत नाही. आपल्याकडे ज्याचा फोटो काढाल तो उद्या बाजारात भेटणारच, म्हणून मला ही अट आवडते. मिरकरवाडा बंदरावर सकाळी एक मावशी बांगडे निवडत होत्या. बोटांना बर्फाचा चुरा चिकटलेला. अंगठ्याने कल्ला उचलायचा, आतला लाल रंग बघायचा आणि मासा डाव्या नाहीतर उजव्या पाटीत टाकायचा. विचारलं, "मावशी, हाताचा फोटो काढू?" म्हणाल्या, "काढ गो, पण तोंड नको घेऊस." मॅक्रोमध्ये, म्हणजे अगदी जवळून टिपण्याच्या मोडमध्ये, हा कॅमेरा ६ ते १२ सेंमीवर फोकस करतो, त्यामुळे चार बोटांच्या अंतरावरून अंगठा, उघडा कल्ला आणि बांगड्याच्या ओल्या पाठीवरच्या निळसर रेघा एवढंच घेतलं. पुढच्या खेपेला चार बाय सहाची प्रिंट करून दिली. आता शेजारच्या बायकाच हाक मारतात, "आमचा कधी?"

एक्स्पोजरचं सांगायलाच हवं. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर सगळ्या दृश्याला मधल्या करड्याकडे ओढतो. मांडवीच्या काळ्या वाळूवर तो फोटो उजळवून टाकतो, तिथे मी एक्स्पोजर उणे ०.७ ठेवते. किल्ल्यापलीकडे पांढरा समुद्र म्हणतात त्या पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर उलटं, वाळू मळकट येते, तिथे अधिक ०.७. रंगांसाठी कॅमेऱ्यातलीच 'पॉझिटिव्ह फिल्म' ही रंगछटा वापरते. जांभ्याचे चिरे त्यात छान उठतात, पण पावसात भिजून शेवाळ चढलं की लाल आणि हिरवा दोन्ही भडकतात, मग सॅच्युरेशन खाली आणते. भर दुपारी स्क्रीनवर काही दिसत नाही. वरच्या हॉट शू या खाचेत डोळा लावून बघायचा ऑप्टिकल फाइंडर बसवता येतो, पण स्नॅप फोकसला त्याची गरज पडत नाही.

आता पाऊस. या कॅमेऱ्याला वेदर सीलिंग, म्हणजे पाणी-धूळ आत जाऊ न देणारी बांधणी, नाही, आणि चालू करताना लेन्स पुढे येते, त्यामुळे पाणी आणि बारीक वाळू दोन्हीपासून जपावं लागतं. उघड्या पावसात मी तो बाहेर काढतच नाही. घराची पडवी, दुकानाचं छप्पर, एसटी स्टँड या जागा पुरतात. पागोळ्यांआडून जाणाऱ्या छत्र्यांचे माझे आवडते फोटो असेच मिळाले. त्याहून मोठा शत्रू म्हणजे दमट हवा, कारण लेन्सला बुरशी धरते. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्के राहू द्या. चामडी पाऊच ओल धरून ठेवतं, त्यात कॅमेरा महिनोन्‌महिने ठेवू नका. मांडवीच्या खाऱ्या वाऱ्यातून आलं की किंचित ओलसर आणि मग कोरड्या कापडाने पुसून घ्या.

बॅटरी कंपनीच्या हिशेबाने सुमारे २०० फोटो देते. खिशात दुसरी असू द्या. यूएसबी-सी असल्यामुळे पॉवर बँकेवरही चार्ज होते.

२०२१ साली आलेला जीआर थ्री एक्स ४० मिमीचा आहे. गल्ल्यावरचा दुकानदार, ओसरीवरचे आजोबा असे एकेकट्या माणसांचे फोटो जास्त काढत असाल तर तो घ्या. मी २८ वरच राहीन, कारण शिमग्यात ग्रामदैवत भैरीची पालखी नाचताना गर्दीच्या आत उभं राहून, हात वर करून तीच लेन्स पालखी आणि माणसं एकत्र घेते. रात्री आयएसओ ६४०० ला दाणे दिसतात, कृष्णधवलमध्ये ते मला शोभून वाटतात. भाट्याच्या खाडीतल्या होड्या पुलावरून टिपायच्या असतील तर मात्र दोन्ही सोडा आणि लांब झूमचा कॅमेरा बघा.