न्यूरो-ऑफ्थॅल्मॉलॉजी आणि डोकेदुखी: एमएस करून जायचं की डीएम करून?

डोळ्याची नस आणि डोकेदुखी या दोन्हींत काम करायचं मनात असलेल्या एमबीबीएसवाल्यांपुढे भारतात दोन रस्ते असतात. एक नेत्ररोगात एमएस किंवा डीएनबी करून न्यूरो-ऑफ्थॅल्मॉलॉजीची फेलोशिप. दुसरा मेडिसिनमध्ये एमडी आणि पुढे न्यूरॉलॉजीत (मेंदू व नसांच्या आजारांत) डीएम ही सुपरस्पेशालिटीची पदवी.

वर्षं मोजली तर पहिला रस्ता सरळ जवळचा. एमएसची ३ वर्षं, वर तुलनेने छोटी फेलोशिप. चेन्नईचं शंकर नेत्रालय, मदुराईचं अरविंद आणि हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद ही त्यासाठीची नावाजलेली ठिकाणं. दुसऱ्यात ३ अधिक ३ वर्षं, आणि मध्ये नीट-एसएस या सुपरस्पेशालिटी प्रवेश परीक्षेचा डोंगर. घरची जबाबदारी अंगावर असेल तर हा फरक किरकोळ नाही.

खरा फरक मात्र रुग्ण समोर बसल्यावर कळतो. तिशीतली, वजन वाढलेली बाई. रोज डोकं दुखतं, वाकून उठलं की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी. नेत्रतज्ज्ञ थेंब घालून बाहुली मोठी करतो, स्लिट लॅम्पवर (डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) ९० डायॉप्टरचं भिंग धरतो आणि डिस्कच्या (पडद्यावर डोळ्याची नस दिसते त्या चकतीच्या) पुसट कडा, सुजेत बुडालेल्या रक्तवाहिन्या बघतो. ही खरी सूज की आत दडलेल्या ड्रूझेनमुळे (चकतीत साठलेल्या कणांमुळे) आलेला उंचवटा, हे ओळखण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. न्यूरॉलॉजिस्ट शिरांसह एमआरआय काढून मेंदूतल्या शिरेत गुठळी नाही ना हे बघतो, मग पाठीतून पाणी काढून दाब मोजतो. निदान ठरतं: कवटीतला दाब विनाकारण वाढलेला, म्हणजे आयआयएच (इडिओपॅथिक इंट्राक्रेनियल हायपरटेन्शन).

याच आजारावर २०१४ साली अमेरिकेतल्या १६५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना वजन कमी करण्याचा आहार होता; अर्ध्यांना सोबत कवटीतला दाब उतरवणारं अ‍ॅसिटाझोलामाइड, बाकीच्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. औषधवाल्यांची दृष्टी जास्त सुधारली, पण डोकेदुखीच्या त्रासात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. डिस्क सपाट झाली म्हणून रुग्ण बरी होत नाही. पुढची डोकेदुखी बऱ्याचदा अर्धशिशीसारखी असते, आणि महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर गोळ्यांचीच डोकेदुखी त्यात मिसळते. ही गुंतागुंत सोडवायची सवय डीएमच्या ओपीडीत लागते. एमएसमध्ये ती क्वचितच लागते.

ऑपरेशनची ओढ असेल तर मात्र एमएसला पर्याय नाही. दृष्टी झपाट्याने जात असताना नसेच्या आवरणाला खिडकी पाडणं किंवा नस कमजोर होऊन आलेला तिरळेपणा सरळ करणं हे नेत्रशल्यचिकित्सकाचंच काम. बोटॉक्स दोघांच्याही हाती येतं. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठी वापरात आणलं, १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि २०१० मध्ये जुनाट अर्धशिशीसाठीही मिळाली: डोक्या-मानेवर ३१ जागी मिळून १५५ युनिट.

पैशाचं स्पष्ट बोलू. या रुग्णांना वेळ भरपूर लागतो आणि प्रोसिजर कमी असतात, त्यामुळे निव्वळ यावर प्रॅक्टिस उभी राहणं अवघड. नेत्रतज्ज्ञाला मोतीबिंदू तारतो, न्यूरॉलॉजिस्टला पक्षाघात आणि फिट्स. जिल्ह्याच्या गावात तर दोघांनाही हा आधार लागेलच.

अमेरिकेत जायचं असेल तर न्यूरो-ऑफ्थॅल्मॉलॉजीची फेलोशिप, साधारण वर्षाची, दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांना खुली असते. पण बाहेरून शिकून आलेल्यांना तिथे नेत्ररोगाची रेसिडेन्सी मिळणं फार कठीण, न्यूरॉलॉजीची तुलनेने सोपी.

माझं मत: ऑपरेशन थिएटरशिवाय करमणार नसेल तर एमएस घ्या आणि डोकेदुखीसाठी चांगला न्यूरॉलॉजिस्ट जोडीला ठेवा. डोकेदुखी हाच गाभा असेल तर वर्षं जास्त गेली तरी डीएम. फक्त एक उणीव तेव्हाच भरून काढा. डीएम चालू असताना नेत्रविभागात नियमित जाऊन बसा. फील्डचे (नजरेच्या आवाक्याच्या तपासणीचे) आणि ओसीटीचे (पडदा व नसेच्या स्कॅनचे) रिपोर्ट स्वतः वाचा, टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेत बाहुली निरखा, आणि सुजलेली डिस्क ओळखता येण्याआधी निरोगी डिस्क भरपूर बघून घ्या.