पॅनिक बटण, ट्रॅकर आणि ८०चा लगाम: पिवळ्या पाटीवर दोन वर्षं काढल्यावर

नाशिक-शिर्डी-त्र्यंबक या पट्ट्यात माझी सात सीटर सीएनजी टुरिस्ट परमिटवर चालते. नुकतंच तिचं पहिलं पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, झालं. नव्या व्यावसायिक गाडीला पहिली दोन वर्षं फिटनेसची चिंता नसते. मग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी वारी. सरकारी सक्तीनं गाडीत जे काही बसवलंय ते रोजच्या धंद्यात कसं चालतं, हे आता सांगता येईल. गाडी घेताना विचारलं तर "पासिंगला लागतं" यापलीकडे कुणी काही सांगत नाही.

आधी ट्रॅकर, म्हणजे गाडी कुठे आहे ते कळवणारं यंत्र, कागदोपत्री व्हीएलटीडी. १ जानेवारी २०१९ पासून नोंदलेल्या टॅक्सी-बसना तो लागतोच, रिक्षांना सूट आहे. डॅशबोर्डखाली काळी डबी, आत पक्कं बसवलेलं सिम आणि स्वतःची छोटी बॅटरी. वस्तू म्हणून डबी चांगली आहे. कसारा घाटात रेंज गेली की मोबाइलवरच्या नकाशात गाडी एका जागी थिजते, आणि रेंज आली की मधले साठवलेले ठिपके भराभर उमटतात. मला याचा खरा उपयोग झाला तो हिशेबाच्या भांडणात. शिर्डीची एक पार्टी किलोमीटरवरून अडून बसली होती. मी फोनवर रूट काढून दिला: शनिशिंगणापूर, परत हॉटेल, आणि रात्री अकरा वाजता आइस्क्रीमसाठी मारलेला फेरा. काकांनी बघितलं, काकूंकडे बघितलं आणि मुकाट्यानं पैसे काढले.

पॅनिक बटणाबद्दल मात्र एवढं चांगलं लिहिता येत नाही. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर बायकांच्या सुरक्षेसाठी म्हणून हे आलं, आणि हेतूबद्दल कुणाचंच दुमत नसावं. मधल्या सीटजवळ लाल बटण आहे. लग्नाच्या भाड्यात एका पोरानं ते दोनदा दाबलं. आता फोन येईल, पोलीस विचारतील, म्हणून मी गाडी बाजूला घेऊन थांबलो. कुठूनही काही आलं नाही. पुढच्या वेळी दुसऱ्या पोरानं दाबलं, तेव्हाही नाही. बटणाचा सिग्नल जातो हे मला ॲपवर दिसतं, पण पलीकडे तो बघायला कुणी बसलंय का, हे पासिंगच्या दिवशी तपासलं जात नाही. तिथं डबी चालू दिसली की झालं. माझी बहीण रात्री टॅक्सीनं एकटी निघाली तर मी तिला या बटणाच्या भरवशावर सोडणार नाही; ११२ लावायला सांगेन.

ट्रॅकरचा रिचार्ज ही वेगळीच डोकेदुखी. ज्यानं डबी विकली त्याच्याकडूनच करायचा, आणि पासिंगची तारीख तोंडावर आली की तो सांगेल तो भाव. ओळखीतल्या एकाचा विक्रेता दुकान बंद करून गेला, तर चांगली चालणारी डबी काढून नवी बसवावी लागली.

आता ८०चा लगाम, म्हणजे गाडी ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ न देणारं यंत्र. घाटात आणि गावातून जाताना तो आहे हे कळतही नाही. सीएनजीचं ॲव्हरेज बरं पडतं, टायर टिकतात, आणि माझ्यासारख्या रात्री-अपरात्री चालवणाऱ्याला ८० पुरेसा आहे, असं माझं प्रामाणिक मत. पण समृद्धी महामार्गावर अवघड होतं. तिथं कारला १२० ची मुभा. पुढे ७५ नं जाणारा ट्रक असतो, मी ओव्हरटेकला बाहेर येतो, ट्रकवाल्याला जोर चढतो, तोही ८० आणि मीही ८०. दोघं वरातीसारखे शेजारी-शेजारी चालतो आणि मागून येणारा डिपर मारून डोळे दिपवतो. पार्टी विचारते, "भाऊ, दाबत का नाही?" आता त्यांना काय सांगायचं!

पासिंगचं मात्र कौतुक करीन. मशिनवरची तपासणी सक्तीची करायची केंद्राची तारीख पुढे-पुढे जात राहिली, पण जिथं ती होते तिथं फरक दिसतो. पूर्वी साहेब गाडीभोवती एक चक्कर मारायचे, हॉर्न, वायपर, लाइट बघायचे आणि बाकीचं एजंट बघायचा. यावेळी चाकं रोलरवर चढली आणि प्रत्येक चाकाचा ब्रेक किती धरतो याचे आकडे समोर आले. मागचं डावं चाक उजव्यापेक्षा कमी धरत होतं. मर्यादेत होतं म्हणून पास झालं, पण चालवताना मला कधी जाणवलंच नव्हतं. मेकॅनिकनं ब्रेकचा ड्रम उघडला तर आत नुसता भुगा. हेडलाइटचा झोतही मशिननंच पकडला.

राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. स्टँडबाहेर रोज पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी, गाड्या भाड्यानं सीट भरून जातात. डबी नाही, बटण नाही, ८०ची अट नाही, फिटनेस नाही, आणि अपघात झाला तर भाड्याची गाडी म्हणून विमा हात वर करायची शक्यता. त्यांना सहसा कुणी अडवत नाही, कारण तपासणीला स्वतःहून येतो तो पिवळ्या पाटीवाला. फिटनेसला उशीर झाला तर आम्हाला दिवसाला ५० रुपये भरावे लागायचे. २०२४ मध्ये रिक्षा-टॅक्सीवाल्यांनी आंदोलनं केली, तेव्हा जुलैत राज्य सरकारनं त्या वसुलीला स्थगिती दिली.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी: ट्रॅकरचा रिचार्ज कधी संपतो आणि पुढचा कितीला पडेल, हे डबी बसवतानाच बिलावर लिहून घ्या. पासिंगच्या महिनाभर आधी ड्रम उघडून साफ करून घ्या, आणि डबी ॲपवर चालू दिसते ना ते बघूनच अपॉइंटमेंट काढा.