कायदा रद्द करण्याचा अधिकार: अमेरिकेत निकालातून, भारतात अनुच्छेदातून
संविधानाशी विसंगत कायदा रद्द करण्याचा न्यायालयांचा अधिकार अमेरिकेच्या संविधानात स्पष्ट शब्दांत नाही. १८०३ मध्ये मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी तो तर्काने मांडला: संविधान सर्वोच्च, म्हणून त्याच्याशी विसंगत कायदा हा कायदाच नव्हे. मार्बरी यांनी ज्याचा आधार घेतला होता, तो १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्यातील कलम १३ चा भाग रद्द झाला. ज्या सरकारी पदाच्या नेमणूकपत्रासाठी ते न्यायालयात गेले होते, ते मात्र त्यांना मिळाले नाही.

भारतात अनुच्छेद १३ लेखीच सांगतो: मूलभूत हक्कांचा भंग करणारा कायदा तेवढ्या मर्यादेपर्यंत शून्य. दाद मागायची ती अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात किंवा २२६ खाली उच्च न्यायालयात. सामान्य नागरिकासाठी ही रचना निश्चितच भक्कम. पण घटनादुरुस्तीबाबत मजकूर अपुरा पडला. मूलभूत चौकटीची मर्यादा (म्हणजे संविधानाचा गाभा संसदेला दुरुस्ती करूनही बदलता येत नाही) १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात ७ विरुद्ध ६ मतांनी न्यायालयानेच अर्थ लावून घातली.