राज्य मंडळाची गुणपडताळणी, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन: पैसे कुठे घालावेत, कुठे नाही

दहावी-बारावीचा निकाल अनपेक्षित लागला की बहुतेक घरांत पहिला अर्ज गुणपडताळणीचा जातो, कारण ती स्वस्त आहे. अलीकडच्या वर्षांतले दर असे: गुणपडताळणी विषयाला 50 रुपये, तपासलेल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत 400, पुनर्मूल्यांकन (म्हणजे उत्तरं पुन्हा तपासून घेणं) 300. आमचं मत मात्र उलट आहे. शंका खरी असेल तर 50 रुपयांच्या अर्जावर थांबू नका, थेट छायाप्रत मागवा.

गुणपडताळणीत उत्तर पुन्हा तपासलं जात नाही. एखादा प्रश्न गुण न देता राहिला आहे का आणि बेरीज बरोबर आहे का, एवढंच पाहिलं जातं. ते मंडळ पाहतं आणि तुम्हाला फक्त निष्कर्ष कळवतं. छायाप्रत हातात आली की हेच दोन तपास तुम्ही स्वतः करू शकता, शिवाय उत्तराला दिलेले गुण योग्य वाटतात का तेही दिसतं. पुनर्मूल्यांकनासाठी तर आधी छायाप्रत घेणं बंधनकारकच आहे. म्हणजे पूर्ण वाटेचा खर्च विषयाला 700 रुपये. तीन विषय धरले तर 2100, आणि हा आकडा अनेक पालकांना परवडणारा नाही. म्हणून विषय निवडताना भावनेपेक्षा कागद महत्त्वाचा.

अर्ज ऑनलाइन, शुल्कही ऑनलाइन. मुदत साधारण पंधरा दिवसांची असते. 2025 मध्ये बारावीचा निकाल 5 मे रोजी लागला आणि अर्ज 6 ते 20 मे या काळात घेतले गेले. खरी घाई पुढे असते, कारण छायाप्रत मिळाल्यापासून कामाच्या पाच दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा लागतो. सुट्टीत शिक्षक गावी गेलेले असतात, म्हणून छायाप्रत मागवतानाच विषयशिक्षकांना कल्पना देऊन ठेवा.

छायाप्रत आल्यावर लगेच उत्तरं वाचायला बसू नका. आधी पानं मोजा. मुखपृष्ठावर लिहिलेल्या पुरवण्यांची संख्या आणि हाती आलेल्या पुरवण्या जुळल्या पाहिजेत. मग एका कागदावर प्रश्न आणि उपप्रश्न ओळीने लिहा. शेजारी आतल्या पानांवर दिलेले गुण आणि त्याच्या बाजूला मुखपृष्ठावर चढवलेले गुण. बहुतेक ठोस चुका या दोन रकान्यांच्या मध्ये सापडतात: आत 3 दिलेत आणि बाहेर 2 चढलेत, एखादं उत्तर पुरवणीत गेलं आणि त्याकडे लक्षच गेलं नाही, किंवा विद्यार्थ्याने प्रश्नक्रमांक चुकवल्यामुळे उत्तर भलत्याच प्रश्नाखाली मोजलं गेलं. नियामकाने (परीक्षकाची तपासणी पुन्हा पाहणाऱ्याने) गुण बदलले असतील तर शेवटचा आकडा कोणता धरला आहे, तेही बघा.

यानंतर उत्तरांचा दर्जा. गणित आणि विज्ञानात पायरीनिहाय गुण असतात, त्यामुळे तिथे दावा भक्कम होतो. रीत बरोबर आहे, शेवटचा आकडा चुकला आहे आणि तरी संपूर्ण उदाहरणाला शून्य दिलं आहे, तर अर्ज जरूर करा. वेगळ्या पण योग्य रीतीने सोडवलेलं उदाहरण कापलं असेल तरीही करा. निबंधाला 8 पैकी 5 का, या वादात मात्र सहसा हाती काही लागत नाही, कारण दुसरा परीक्षकही तेवढेच देईल. भाषेच्या पेपरात व्याकरणाच्या एकेका गुणाचे प्रश्न आधी तपासा. अंतर्गत मूल्यमापन आणि प्रात्यक्षिकाचे गुण या वाटेने बदलत नाहीत, त्यामुळे लेखीचे 80 किंवा 70 आणि बाकीचे गुण वेगळे करूनच हिशोब मांडा.

या सेवेची सर्वांत मोठी उणीव अशी की छायाप्रतीसोबत उत्तरसूची मिळत नाही. कोणत्या मुद्द्याला किती गुण हे न कळता विद्यार्थ्याने अन्याय दाखवायचा, हे अवघड आहे. सीबीएसई आपल्या गुणदान योजना संकेतस्थळावर ठेवते. आपल्या मंडळानेही 400 रुपयांच्या शुल्कात ती द्यायला हवी. पुनर्मूल्यांकनानंतर गुण बदलले नाहीत तर त्याचं कारणही प्रश्नवार कळलं पाहिजे.

तरीही छायाप्रत मिळते ही छोटी गोष्ट नाही. उत्तरपत्रिका न दाखवण्याचा आणि पुनर्मूल्यांकन नाकारण्याचा याच मंडळाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये परितोष शेठ प्रकरणात वैध ठरवला होता. तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकाराखाली विद्यार्थ्याला पाहता येते, हे त्याच न्यायालयाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात 2011 मध्ये सांगितलं. एवढ्या झगड्यानंतर मिळालेला हक्क केवळ शुल्कामुळे कुणाला सोडावा लागू नये. गुण वाढले तर छायाप्रतीचे आणि पुनर्मूल्यांकनाचे पैसे परत द्यायलाच हवेत, असं आम्हाला ठाम वाटतं.

आणि अनुत्तीर्ण मुलांसाठी एक महत्त्वाचं. 35 ला तीन-चार गुण कमी पडलेत म्हणून पुनर्मूल्यांकनाच्या भरवशावर राहू नका. पुरवणी परीक्षेचा अर्ज त्याच्या मुदतीत भरा, अभ्यास चालू ठेवा आणि छायाप्रतीचं काम शेजारी चालू द्या. गुण वाढलेच तर त्या परीक्षेला बसायची गरज उरणार नाही. पण मुदत एकदा गेली की पुढच्या परीक्षेपर्यंतचे महिने हातचे जातात.