ग्रीक नात्यांचे शब्द शिकताना: फ्लॅशकार्ड अ‍ॅपचा सात महिन्यांचा अनुभव

मुलाचं लग्न ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या मुलीशी ठरलं, तेव्हा फोनवर फ्लॅशकार्डचं (एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ) अ‍ॅप घेतलं. रोज रात्री वीस मिनिटं बसते. 'मितेरा', 'पातेरास' एका दिवसात पाठ झाले, कारण मातृ-पितृ कानावर होतेच. भावाला 'आदेल्फोस' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ 'एकाच गर्भातला', म्हणजे आपला सहोदर. हे कळल्यावर तो शब्द परत विसरले नाही.

शब्द पक्के करायला अ‍ॅप उत्तम आहे. चुकलेलं कार्ड लगेच परत येतं, जमलेलं आठवड्या-दोन आठवड्यांनी. उच्चारही ग्रीक माणसाच्या आवाजात आहेत.

पण अर्थ इंग्रजीतून दिलेत आणि तिथेच घोटाळा होतो. 'ब्रदर-इन-लॉ'ला मी 'कुन्यादोस' लिहिलं की ते चूक ठरवतं, त्याला 'गाम्ब्रोस'च हवं. खरं तर दोन्ही बरोबर. नवऱ्याचा किंवा बायकोचा भाऊ तो कुन्यादोस. बहिणीचा नवरा गाम्ब्रोस, आणि जावई नि नवरदेवही गाम्ब्रोसच. तसंच 'नीफी' म्हणजे नवरी, सून आणि वहिनीसुद्धा.

शेवटी मराठीत माझी स्वतःची कार्डं केली आणि सगळं सोपं झालं. इंग्रजीत ज्यांना सुटसुटीत शब्दच नाहीत, ती नाती दोन्ही भाषांत आहेत: साडू म्हणजे 'बाद्झानाकिस', जाऊ म्हणजे 'सिनिफादा', व्याही 'सिंबेथेरोस', विहीण 'सिंबेथेरा'. उलट काका, मामा, आत्याचे यजमान सगळे एकाच 'थिओस'मध्ये बसतात, आणि मावशी-आत्या-काकू-मामी 'थिआ'मध्ये. आत्या आणि मावशी एकच, हे मला अजून पचलेलं नाही. (हा थ आपला नव्हे. जीभ दातांत धरून हवा सोडायची.)

आणखी एक मोठी उणीव म्हणजे हाक मारायचं रूप कुठेच शिकवलेलं नाही. ह्यांनी व्हिडिओ कॉलवर व्याह्यांना 'सिंबेथेरोस' अशी हाक मारली. विहीणबाईंनी हळूच सांगितलं, 'सिंबेथेरे' म्हणा. मुलगा-मुला, तसंच हे. एका ओळीत सांगता आलं असतं.

नुसत्या शब्दांसाठी अ‍ॅप जरूर घ्या, मोफत भागही पुरतो. मात्र सासर-माहेरची नाती पहिल्या दिवसापासून मराठीतूनच लिहा. माझे पहिले दोन महिने इंग्रजी अर्थ घोकण्यात गेले. आता आजीचं 'याया' आणि आजोबांचं 'पापुस' ही दोन कार्डं ह्यांच्या फोनवरही घालून दिली आहेत.