बॅकलिंकचं मासिक पॅकेज: गुहागरच्या होमस्टेवाल्याचा वापरानंतरचा अनुभव

रिन्यूअलचा मेसेज परत आलाय, 'सर ऑफर फक्त आजच', म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या साइटवरून आपल्या साइटला दिलेली लिंक; त्या वाढल्या की गूगलवर आपण वर दिसू, या आशेने होमस्टेवाला त्या घेतो. महिन्याला साडेसहा हजार, ठरलेल्या लिंका, महिनाअखेरीस एक्सेल शीट. कंपनीचं नाव घेत नाही, असल्या कंपन्या पैशाला पासरी आहेत.

सुरुवातीला खूश होतो. शीट चकाचक, डीएचा (डोमेन ऑथॉरिटी, साइट किती वजनदार त्याचा अंदाज) कॉलम हिरवागार. नंतर कळलं की डीए हा मॉझ कंपनीचा स्वतःचा आकडा आहे, 1 ते 100 मधला, गूगल तो रँकिंगला वापरतच नाही. म्हणजे तो हिरवा रंग फक्त आपल्याला दाखवायला. होमस्टेचं नाव टाकलं की आम्ही पहिले यायचो, पण त्या नावाचं दुसरं आहेच कोण! 'गुहागर होमस्टे' टाकलं तर तिसऱ्या पानावर, होतो तिथेच.

मग एकदा लाईट नव्हती तेव्हा मोबाईलवर एकेक लिंक उघडून बघितली. एक कुठल्यातरी तुर्की साइटवर, फरशा पुसायच्या लिक्विडबद्दलच्या पानात मध्येच घुसवलेली, आणि लिंकवरचा मजकूर काय तर 'बेस्ट बीच होमस्टे इन गोवा'. गोवा! अहो गुहागर रत्नागिरी जिल्ह्यात, इथून पणजीला जायचं तर गाडीत अख्खा दिवस मोडतो. पुढे बघतो तर अशा ढीगभर लिंका, सगळीकडे तोच मजकूर. फोन लावला तर समोरचा पोरगा म्हणतो, "सर, गोव्याला सर्च व्हॉल्यूम जास्त आहे." म्हटलं मग लंडन टाका की, त्याला अजून जास्त असेल. तर म्हणे पब्लिश झालेलं आता एडिट होत नाही. बाकी सगळं सोडून दिलं असतं, हे नाही सोडणार. आमची सुरूची बनं, आमचं व्याडेश्वराचं देऊळ, आमचा एवढा लांबलचक किनारा, आणि मी पैसे भरून जगाला सांगतोय की हा गोवा आहे. बायको अजून चिडवते, "काय हो, फेणी कुठे ठेवलीत?"

डोकं फिरलं आणि सगळ्या लिंका डिसअवाऊ करायला, म्हणजे गूगलला 'या लिंका धरू नका' असं कळवायला बसलो, साइट बुडणार अशीच भीती होती. पण यावर माझं मत बदललंय. सर्च कन्सोलमध्ये (साइटवाल्यांसाठीचं गूगलचं पान) मॅन्युअल अ‍ॅक्शन्स (गूगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई) बघितलं तर काहीच नाही, आणि गूगल स्वतःच सांगतं की बहुतेक साइटना डिसअवाऊ टूलची गरज पडत नाही, मॅन्युअल अ‍ॅक्शन आली असेल किंवा येण्यासारखी असेल तरच वापरा. 2012 ला गूगलचं पेंग्विन अपडेट (बनावट लिंका पकडणारा बदल) आलं तेव्हा असल्या लिंकांपायी साइटी आपटल्या होत्या, 2016 पासून ते मुख्य अल्गोरिदममध्येच आहे आणि आता बहुतेक वेळा असली लिंक नुसती मोजतच नाहीत. पैसे देऊन घेतलेल्या लिंकला स्पॉन्सर्ड किंवा नोफॉलो (म्हणजे 'ही लिंक रँकिंगला धरू नका' अशी खूण) लावा असा गूगलचा नियम आहे, पण ते लावलं की रँकिंगसाठी म्हणून विकायला उरतं काय, त्यामुळे हे लावत नाहीत. म्हणजे साइट वाचली, खिसा गेला. तेवढ्या पैशात मागच्या दोन खोल्यांचे पत्रे बदलून झाले असते.

आता फुकटातलं ऐका. पाहुण्यांचे रोजचे प्रश्न तेच, दापोलीकडून येताना दाभोळच्या जंगलजेटीवर (गाड्या नेणारी फेरीबोट) गाडी चढते का, शेवटची फेरी कधी, पुढे गणपतीपुळ्याला तवसाळ-जयगडवरून जाता येतं का. बायको फोनवर सांगून सांगून कंटाळली म्हणून मी एक पान लिहिलं, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड दोन्ही, रस्ता कुठे अरुंद, जेटीच्या उतारावर खाली बसकी गाडी कुठे घासते, शिमग्याला आणि गणपतीत रांग कुठवर येते, सोबत माझेच फोटो. फोन कमी व्हावेत एवढाच हेतू.

तर त्याला लिंका यायला लागल्या, न मागता! किनाऱ्याकिनाऱ्याने सायकली घेऊन जाणाऱ्या एका ग्रुपने आपल्या रूटच्या पानात दिली, एका बातम्यांच्या पोर्टलने वीकेंडच्या लेखात दिली. पोर्टलची नोफॉलो आहे, पण तिथून खरी माणसं येऊन राहून गेली, तुर्की फरशीवाल्याकडून एक तरी आला का? सायकलवाल्यांनी पत्ता टाइप करताना एक अक्षर खाल्लं होतं, लिंक 404 वर ('पान सापडत नाही') जात होती, मी त्या चुकीच्या पत्त्यावरून 301 (बरोबर पानाकडे वळवणारा रीडायरेक्ट) लावून टाकला, पाच मिनिटांचं काम. त्या पानावरून रूम्सच्या पानाला आतली लिंक दिली. आता 'गुहागर होमस्टे'ला पहिल्या पानावर तळाशी का होईना दिसतोय. सगळं श्रेय लिंकांना देणार नाही, त्याच सीझनला मॅपवरचे रिव्ह्यूही वाढले.

पॅकेजला पाचात एक, तोही एक्सेलच्या रंगकामाला.

सध्या हेदवीच्या बामणघळीचं पान करतोय, खडकातली अरुंद घळ, भरतीला पाणी आत घुसून उंच उडतं. लोक भर ओहोटीला येतात, कोरडी घळ बघतात आणि आमच्यावर चिडतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, चतुर्थीला तीनच्या आसपास, हे इथल्या प्रत्येक म्हाताऱ्याला तोंडपाठ आहे, पण पाहुण्यांना समजेल असं नेटवर मला तरी कुठे दिसलं नाही. तारखांचा तक्ता बनवतोय, आणि ओल्या खडकावर उभं राहू नका हे सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. पावसाआधी टाकायचंय.